एकवीस दिवसांचं रक्त

शोभे, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला मी दुसऱ्या रांगेत बसले होते. पांढरी साडी नेसले होते, तीही इस्त्री न केलेली. तू असतीस तर सगळ्यांदेखत बोलली असतीस. वंदना झाली आणि तुझा भाऊ बोलायला उभा राहिला. म्हणाला, "आमची ताई लई प्रामाणिक. नोकरीत एकदाच तिच्या हातून रिपोर्ट चुकला, तर तिनं झाकला नाय. सायबापुढं सोता उभी राहिली आन म्हनली, चूक माझी हाय." लोकांनी माना डोलावल्या. एका बाईने डोळे पुसले. पहिल्या रांगेत तुझी लेक प्रज्ञा बसली होती, तिने मात्र मान खाली घातली.

माइक माझ्यापासून दोन खुर्च्यांवर होता. मला कुणीतरी हाक मारली, "विद्याताई, तुम्ही एवढी वर्षं ताईंसोबत काम केलं, दोन शब्द बोला." मी हातानेच नको म्हटलं. माझा घसा धरलाय असं वाटून एकाने पाण्याचा ग्लास आणून दिला. बोलण्याचाच पगार घेतलेली बाई मी, आणि दोन शब्दांना महाग झाले.

तो रिपोर्ट चुकलेला नव्हता. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आता तू गेलीस म्हणजे एकटी मीच उरले. म्हणून आज सकाळी उठून तुझ्या घरी गेले. तिथे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मला ओळीने सगळं सांगू दे, मध्ये बोलू नकोस. तू मध्ये बोलणार नाहीस हे लिहिताना लक्षात येतं आणि हात थांबतो.

आपली ती खोली आठव. दवाखान्याने एका खोलीच्या दोन केल्या होत्या, मध्ये प्लायवूड ठोकून. अलीकडे माझं टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर पोस्टर. पलीकडे तुझा फ्रिज, रक्त गरगर फिरवणारी तुझी सेंट्रिफ्यूज, तपासणीच्या किटच्या पेट्या. प्लायवूड छतापर्यंत पोचलंच नव्हतं. मी येणाऱ्या प्रत्येकाला गंभीर चेहऱ्याने सांगायची, "इथलं बोलणं इथंच राहतं," आणि पलीकडून तुला शिंक यायची. एचआयव्हीची तपासणी करायला आलेला माणूस आधीच अर्धमेला असायचा, त्या शिंकेने उडायचाच.

तू फुलंब्रीहून रोज जीपने यायचीस, डब्यात दोन भाकरी जास्तीच्या आणायचीस आणि जेवताना मला शिकवायचीस. मला ते नको असायचं. मी समुपदेशक, मला माणसांची मनं कळतात, पेशी तुझ्या तुला लखलाभ, अशी माझी घमेंड. तरी तू किटच्या रिकाम्या खोक्यावर पेनने गोल काढायचीस. "हे बघ, विद्ये. व्हायरस आत शिरला की कातडीखालच्या राखनदार पेशी त्याला धरत्यात आन गाठीत घेऊन जात्यात. त्यांचं कामच हाय ते. चोर पकडला की चावडीवर आणायचा. पर ह्या चोराला चावडीच पायजेल असती. त्याला ज्या पेशी खायच्यात त्या समद्या तिथंच बसलेल्या." मी म्हणायची, "ठेचा दे इकडे."

"ऐक तर. दोन-तीन हप्त्यात तो इतका वाढतो की अंगाला ताप येतो, पुरळ उठतं, गळ्यात गाठी येत्यात. ही समदी शरीराची धडपड हाय. मग मारणाऱ्या पेशी तयार होत्यात, त्या व्हायरसनं धरलेल्या पेशी मारत सुटत्यात, तसा व्हायरस कमी होतो, ताप उतरतो. माणूस म्हनतो, बरा झालो. बरा कशाचा? थोडा व्हायरस काही पेशींत गपचिप झोपून ऱ्हातो, त्याला कोण हात लावणार? आन ज्या अँटीबॉडी आपल्या किटवर दिसत्यात, त्या समद्यात उशिरा येत्यात. आपली टेस्ट व्हायरसला धरीतच नाय. शरीरानं त्याला काय उत्तर दिलं ते धरती. उत्तरच तयार झालं नसंल तर किटवर एकच रेघ येनार. मानूस आजारी आन रिपोर्ट निगेटिव्ह." म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलवायचं, हा आपला नियम. तू तो इतक्यांदा सांगितलास की मला तो पाठ झाला, आणि पाठ झालेल्या गोष्टीचं होतं तेच झालं.

ती दुष्काळाची वर्षं. माझ्या पुंडलिकनगरात नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि शेजारच्या गारखेड्यात मात्र रोज नवीन इमारतीचा पाया खणला जात होता. ज्याचा तो रिपोर्ट, तो पोरगा अशाच एका साइटवर सुपरवायझर होता. नाव इथेही घेत नाही, तेवढा धंद्याचा धर्म मी अजून पाळते. फुलंब्रीच्या पुढचं त्याचं गाव. स्लॅबवर मारायला टँकर यायचा आणि गावात त्याची आई टँकरसाठी दिवसभर ताटकळायची, हे त्यानेच बसल्या बसल्या सांगितलं. मग मुद्द्यावर आला. मित्रांबरोबर बाहेरगावी गेला होता, तिथे जे घडायला नको ते घडलं. "नंतर ताप आलता मॅडम. छातीवर पुरळ आलतं. गावच्या डॉक्टरनं व्हायरल म्हनून गोळ्या दिल्या. आता समदं गेलंय, मी बरा हाय. पर लगीन ठरलंय, आन मनातनं जाईना."

शोभे, तुझ्या खोक्यावरचं चित्र माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसलं होतं. मला ते दिसलं नाही. मला दिसला तो एक सरळ पोरगा, स्वतःच्या पायांनी तपासणीला आलेला. तू रक्त घेतलंस, रिपोर्ट दिलास. एक रेघ. मी त्याला "निगेटिव्ह" म्हटलं तसा तो ओक्साबोक्शी रडला आणि माझ्या पायाशी वाकला. कुणी पाया पडलं की मी पाघळते, आमच्या घरात कीर्तनकार आजोबांपासूनचा रोग आहे तो. मी विचारलं, "लग्न कधी?" तो म्हणाला, "वैशाखात." मी म्हटलं, "मग बिनधास्त कर. तीन महिन्यांनी एक चक्कर मार इकडे, पण ती आपली फॉर्मॅलिटी."

तो गेल्यावर तू प्लायवूडच्या कडेने आत आलीस. हातात मोजे तसेच होते. "विद्ये, फॉर्मॅलिटी काय म्हनलीस त्याला?"

"अगं, रडत होता तो. आणखी घाबरवू का?"

"घाबरवू नको. पर ताप कवा आलता ते इचारलंस का? बाहेरगावी जाऊन किती दिस झाले ते? मी इचारलं, रक्त घेताना. एकवीस."

आणि मी तुला काय म्हणाले? "तू रक्त बघ, माणसं मी बघते." तू मोजे काढलेस आणि परत गेलीस. पुढे एवढी वर्षं गेली, आपण किती हसलो, किती चहा प्यालो, पण हे वाक्य मी परत घेतलं नाही. तुला ते लागलं होतं. मला कळलं होतं की लागलंय.

मग पत्रिका आली. तो स्वतः घेऊन आला, कोपऱ्याला हळदकुंकू लावून, वर "विद्या मॅडम व शोभा मॅडम" असं लिहून. आपल्याकडे तपासून गेलेला माणूस रस्त्यात भेटला तर ओळख दाखवत नाही, आणि हा चक्क लग्नाला बोलावत होता. मी हुरळले. तो सांगत होता, "मॅडम, लगीन अलीकडं घेतलं. विहिरीला माघापर्यंतच पाणी पुरंल. वऱ्हाडाला पाजायला पाणी तर पायजेल ना." त्या साली अशी कितीतरी लग्नं पुढची अलीकडे आली, पाण्यावर मुहूर्त ठरत होते. मी म्हटलं, "छान केलंस." हो, हेच म्हणाले, छान केलंस. आणि पत्रिका पोस्टरशेजारी चिकटपट्टीने लावली.

तू ती जेवताना वाचलीस. घास तसाच हातात ठेवून डाव्या हाताच्या बोटांवर मोजलंस. "तीन महिने होत नायत, विद्ये."

मला घाम फुटला आणि घाम फुटला की मी नियम काढते. आपल्याला कुणाच्या घरी जाता येत नाही. त्याने फोन नंबर दिलेला नाही. परवानगी नाही. उद्या त्याच्या घरी कळलं तर आपली नोकरी जाईल. तू सगळं ऐकून घेतलंस आणि भिंतीकडे बोट दाखवलंस. "पत्रिका हाय ना? पाव्हन्याला परवानगी लागती व्हय?"

आपण गेलो तो हळदीचा दिवस होता. फुलंब्रीपासून पुढे जीपमध्ये उभ्याने गेलो. वेशीवर प्लॅस्टिकच्या टाक्यांची रांग लागलेली, मांडवात बायकांची गर्दी. आपल्याला "साइटवरच्या मॅडम" म्हणून सतरंजीवर बसवलं, चहा दिला. नवरदेवाभोवती इतकी माणसं की दोन तास झाले तरी तो एकटा सापडेना. मी घड्याळ बघत होते आणि तुला चिमटे काढत होते, चल, निघू, उद्या बघू. उद्या तर लग्नच होतं. शेवटी तू उठलीस, पदर खोचलास आणि हळद लावणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. तुझी पाळी आली. तू त्याच्या गालाला हळद लावलीस, वाकलीस आणि कानाशी काहीतरी बोललीस. त्याचा चेहरा पिवळ्याखाली पांढरा पडला. त्याने तुझ्याकडे नाही, सतरंजीवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

हळद लागलेल्या नवरदेवाने वेस ओलांडायची नसते. तो ओलांडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कुलूप काढत होतो आणि तो मोटरसायकल लावून पायरीवर बसला होता. कानामागे, नखांत हळद तशीच. "धुवायला पाणी नव्हतं," म्हणाला, जणू आपण तेच विचारणार होतो. तू रक्त घेतलंस. एका किटवर दोन रेघा, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. तीन वेगवेगळी किटं, तिन्ही एकच सांगत होती.

त्याला सांगितलं मी. ते मला येतं, ते मी नीट केलं. त्याने नखातली हळद खरवडली आणि म्हणाला, "मॅडम, तुमीच म्हनल्या होत्या ना, बिनधास्त कर?" मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले. तेवढ्यात तू प्लायवूडच्या दारात येऊन म्हणालीस, "भाऊ, पहिला रिपोर्ट माझा होता. त्यांनी मी दिलं तेच सांगितलं." मला हायसं वाटलं, शोभे. लाज नंतर आली. आधी हायसं वाटलं.

त्याने घरी जाऊन कावीळ झाली म्हणून अंथरूण धरलं. हळदीत माखलेल्या पोराची कावीळ गावाने कशी मान्य केली, कोण जाणे. लग्न पुढे ढकललं, मग मोडलं. ती मुलगी वाचली. तिचं पुढे दुसरीकडे झालं, ती सुखात आहे, आणि फुलंब्रीच्या एका बाईने हळद लावायच्या निमित्ताने आपलं आयुष्य वाचवलं हे तिला कधीच कळणार नाही.

आठवड्याने त्याने रागाच्या भरात तक्रार लिहून दिली. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, लॅबने खेळ केला म्हणून. रागावणारच. आपल्याला दवाखान्याच्या साहेबांनी बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी तू मला कँटीनमागे नेलंस. मी आधीच रडत होते. तू म्हणालीस, "खरं सांगितलं तर फॉर्मॅलिटी बी निघंल आन आपन त्याच्या घरी गेल्यालं बी निघंल. दोघी जानार. त्यापरीस एक जाऊ दे. मला बाहेर कुठलीबी लॅब घेईल, गारखेड्यात गल्लोगल्ली लॅबा निघायल्यात. तुला कोन ठेवील, नुस्तं बोलायला? तुझ्या आज्यानं बी बोलूनच पोट भरलं, तू बी तेच कर."

मी हसले. रडता रडता हसले आणि नको म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे तू म्हणालीस, "वाचायला घाई झाली माझ्याकडून." तू! किट उजेडात धरून घड्याळ लावून वाचणारी, मी हाक मारली तरी मान न वळवणारी तू, हे वाक्य बोललीस. तुला ते बोलताना काय झालं असेल याचा मी विचार करायचं टाळत आले. आज टाळता येत नाही. तुझं एकच भांडवल होतं, तुझं वाचणं बरोबर असतं हे. तेच तू माझ्यासाठी टेबलावर ठेवून आलीस.

तुझी नोकरी गेली तशी तू गारखेड्यात आलीस, लॅब मिळाली, घर घेतलंस. म्हणायचीस, बरंच झालं, जीपचे धक्के वाचले. मी विषय काढला की तुझं ठरलेलं, "चहा निवायलाय, पी आधी." एकदा मी हट्टाला पेटले, "पण मी त्याला तीन महिने सांगितलं होतं ना गं?" तू शांतपणे म्हणालीस, "सांगितलं. कसं सांगितलं ते बी मी ऐकलं." तेवढ्यावर तू कप उचललास आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. मला अजून तुझ्याशी भांडायचंय. मला तू ओरडायला हवी होतीस. तुझ्या या समजूतदारपणाने मला किती वर्षं छळलं, याची तुला कल्पना होती का?

एवढं मात्र खरं, त्यानंतर फॉर्मॅलिटी हा शब्द माझ्या तोंडातून गेला नाही. ताप कधी आला, पुरळ होतं का, किती दिवस झाले, हे मी आधी विचारते. एक रेघ आली की सांगते, "अजून दिसलं नाही. नाही असं म्हणत नाहीये." माणसं चिडतात, काही पुन्हा येतात. नव्या मुलींना शिकवताना मी तुझेच गोल काढते, तुझ्याहून वाकडे. तोही अधूनमधून भेटतो. गोळ्या वेळेवर घेतो, ठणठणीत आहे, आता स्वतःची साइट चालवतो. तुला भेटायला लॅबवर यायचा हे मला परवा कळलं. तू त्याला काय सांगितलंस ते मी विचारलं नाही.

पण प्रज्ञा. शोभे, तिचं काय करायचं ठरवलं होतंस तू? तिने तुझाच लॅबचा कोर्स केला आणि हातातलं प्रत्येक किट चारदा बघते. दिवाळीत माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, चांगल्या लॅबची नोकरी चालून आली होती, नाही म्हटलं. "मावशी, आईसारख्या बाईच्या हातून चुकलं. माझ्या हातून काय होईल?" माझ्या जिभेवर आलं होतं. मी तिच्या ताटलीत आणखी एक चकली वाढली. तेव्हा तू होतीस. तेव्हा सांगितलं असतं तर तू मला शिव्या घातल्या असत्यास आणि आपण तिघी बसून रडलो असतो. आता ते नाही.

तर आज सकाळी गेले. प्रज्ञा तुझे कपडे वेगळे करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बसले असते तर पुन्हा पाघळले असते. फॉर्मॅलिटीपासून कँटीनपर्यंत. तिने विचारलं, "संबंध आल्यावर किती दिवसांनी सँपल घेतलं होतं?"

"एकवीस."

"किट कुठलं? फक्त अँटीबॉडीचं?"

"हो. तेव्हा आपल्याकडे तेच यायचं."

ती साडीची घडी हातात धरून उभी राहिली. तुझ्यासारखीच बोटांवर मोजत होती. "मग निगेटिव्हच यायला पाहिजे होतं," म्हणाली. "एकवीस दिवसांचं रक्त. बऱ्याच जणांत अजून काहीच दिसत नाही त्या किटवर. आईनं बरोबर वाचलं होतं." आणि मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "मावशी, हे आई असताना का नाही बोललात?"

मी तिचा हात धरायला गेले, तिने घेतला नाही. बरोबरच आहे. दारापर्यंत सोडायला मात्र आली आणि म्हणाली, "लिहून द्या. मला नको, आईला लिहा. मामाला, सगळ्यांना मी वाचून दाखवीन."

म्हणून लिहून देते, शोभे. घाई तू कधीच केली नाहीस. तू किट उजेडात धरलंस, घड्याळ लावलंस आणि जे होतं तेच वाचलंस. त्याच्या शरीराचं उत्तर अजून तयार व्हायचं होतं आणि तोवर थांब, हे त्याला सांगायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. तू रक्त बघितलंस, आणि माणसंही तूच बघितलीस.

विद्या
पुंडलिकनगर